जिथे बछडे जन्मत नाहीत

"बरोबर मुलं नाहीत, मग वाघ बघायला कशाला जाताय?" आत्यानं फोनवर विचारलं. त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. आपल्याकडे प्राणी बघणं हे मुलांच्या खात्यातलं काम. राणीच्या बागेत किंवा कात्रजला मोठी माणसं जातात ती कुणाचं तरी बोट धरून. (कॉलेजातली जोडपीही जातात, पण प्राणी बघायला नाही.)

आम्ही दोघं डेन्व्हरला राहतो. मूल नको, हे ठरवून आता सात वर्षं झाली. शहराच्या ईशान्येला, कीन्सबर्ग गावाजवळच्या माळरानावर 'द वाइल्ड ॲनिमल सँक्च्युअरी' आहे. सर्कशी, खाजगी पिंजरे, बंद पडलेली प्राणिसंग्रहालयं अशा ठिकाणांहून सोडवलेले वाघ, सिंह, अस्वलं तिथे मरेपर्यंत राहतात. पॅट क्रेग नावाच्या माणसानं १९८० साली, विशीही गाठली नव्हती तेव्हा, हे सुरू केलं. एका प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या बाजूला त्यानं 'जास्तीचे' प्राणी पाहिले होते. पिंजऱ्यात कोंडलेले, दाखवायला नको असलेले. 'जास्तीचे' हा शब्द मला तेव्हापासून टोचतोय.

इथे प्राण्यांच्या जवळ जाता येत नाही. दीड मैल लांबीचा उंच पूल आहे, त्यावरून चालायचं. आपण जमिनीवर, कुंपणाशी उभे राहिलो तर वाघाला ती त्याच्या हद्दीत घुसखोरी वाटते, डोक्यावरून गेलेलं त्याला फारसं खुपत नाही, अशी त्यामागची कल्पना. त्यामुळे पैसे भरून आलेल्या माणसाला कधीकधी गवतात दूरवर एक पिवळट ठिपका दिसतो, बस्स. मला हे फार आवडलं. जागा वाघासाठी आहे, आपण पाहुणे.

आमच्या पुढे एक कुटुंब होतं. बाबा मुलाला सांगत होता, बघ, तो बघ, झोपलाय. पण तो स्वतः वाघाकडे बघतच नव्हता, मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होता. यात वाईट काही नाही, गोडच आहे. फक्त मला कळलं की मूल बरोबर असलं की आपल्याला कारण मिळतं. 'त्याला शिकायला मिळावं म्हणून आलो.' आम्हा दोघांकडे ते कारण नव्हतं. एका म्हाताऱ्या वाघिणीला झोपलेली पाहत आम्ही पाऊण तास उभे होतो, आणि त्यातून कुणीही काहीही शिकणार नव्हतं.

अशा जागांचा एक नियम ऐकून बरेच जण दचकतात: इथे पिल्लं होऊ देत नाहीत. नरांची नसबंदी करतात. (सिंहाचं पूर्ण खच्चीकरण केलं तर आयाळ गळते, म्हणून नुसती नसबंदी.) कारण सरळ आहे. हे प्राणी आणि त्यांची पिल्लं जंगलात जाऊ शकत नाहीत. अमेरिकेतल्या पाळीव वाघांत बंगाली, सायबेरियन असं सगळं मिसळलेलं, त्यामुळे प्रजात टिकवायलाही त्यांचा बहुतेकांचा उपयोग नाही. आणि प्रत्येक नवा बछडा म्हणजे एका सोडवायच्या प्राण्याची जागा गेली. म्हणजे ही जागा यशस्वी झाली, तर एक दिवस रिकामी व्हायची.

गंमत अशी की हे प्राणी इथे आले तेच मुळी बछड्यांच्या प्रेमापायी. मॉल आणि जत्रांमध्ये बछडा मांडीवर घेऊन फोटो काढायचा धंदा इथे वर्षानुवर्षं चालला. मांडीवर घेण्याजोगं वय फार तर बारा आठवड्यांचं. मग नवा बछडा हवा, म्हणून वाघीण पुन्हा गाभण. मोठे झालेले जास्तीचे. 'टायगर किंग' पाहिलेल्यांना आठवेल. त्या मालिकेत दिसलेल्या एका जोडप्याकडून मे २०२१ मध्ये सरकारनं ६८ मोठी मांजरं जप्त केली, त्यांतली बरीच या संस्थेकडे आली. डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यानं बछडे हाताळू देण्यावर बंदी आली.

आणि पांढरे वाघ. पुलावरून एक दिसला, किंचित तिरळा. त्याचा पत्ता थेट आपल्याकडे लागतो. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. रंग टिकावा म्हणून पुढे त्याच्याच मुलीशी, राधाशी, त्याची जोडी लावली. त्यातली मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनला भेट म्हणून आली. मोहनची मुलगी, आणि नातही. पांढऱ्या रंगाच्या जनुकाबरोबर तिरळेपणा येतो, आणि नात्यातल्या पैदाशीनं बाकीची दुखणी. वंश चालवण्याचा हट्ट कुठवर जाऊ शकतो याचं एवढं स्वच्छ उदाहरण मी पाहिलेलं नाही.

"पण एवढा पैसा ताडोब्याला दिला तर किती वाघ वाचतील?" नवऱ्यानं विचारलं. प्रश्न खरा आहे. 'वाघ वाचवा' म्हणताना आपण प्रजातीबद्दल बोलत असतो, आणि ही झोपलेली वाघीण त्या मोजणीत कुठेच नाही. तिचा जंगलाला उपयोग नाही, पुढच्या पिढीला नाही. तरीही मला वाटतं, जिला माणसांनी पिंजऱ्यासाठी जन्माला घातलं, तिचं देणं ताडोब्यात फेडून चालत नाही. ते तिलाच द्यावं लागतं. मांस, ऊन, दहा-वीस एकर गवत. ज्याच्यामागे काही उरणार नाही, त्या आयुष्याची काळजी घेणं वाया जातं, हे मी मानायला तयार नाही. आता यात माझा स्वार्थ आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

पण इथे एक गाठ आहे, ती मला सुटत नाही. आम्ही मूल नको ठरवलं, ते आम्ही ठरवलं. तिच्या बाबतीत दुसऱ्यांनी ठरवलं. माझ्या शरीराबद्दल कुणी असं ठरवलं असतं तर मी कोर्टात गेले असते. तिच्यासाठी मात्र मला ते बरोबर वाटतं, कारण तिचं पिल्लू कुंपणातच जन्मलं असतं. मग वाईट जगात जन्म नको, हा नियम माणसांना का लावत नाही? मी तर मैत्रिणीच्या बारशाला हौसेनं जाते. माणूस आपलं कुंपण ओलांडू शकतो, वाघीण नाही, हे माझं उत्तर. अर्धवट आहे. कितीतरी माणसंही ओलांडू शकत नाहीत.

परतताना नवऱ्यानं गाडीतच हिशोब केला. बंदिस्त वाघ वीस वर्षंही जगतो. म्हणजे २०२१ मध्ये आलेल्यांपैकी एखादा तरुण वाघ २०४० पर्यंत असेल.

"तोपर्यंत देणगी चालू ठेवू," मी म्हटलं.

"आणि खायला कोण घालणार त्याला?" तो म्हणाला. "आत्ता जे काम करतायत ते रिटायर झालेले असतील."

जे घालतील ते आज कुठल्यातरी शाळेत असतील. पुलावरचा तो मुलगाही असेल कदाचित.