आजार सरकारास कळविणे हे कर्तव्य आहे काय?

असत्य बोलू नये, हे आपण लेकरांस लहानपणापासून शिकवितो. परंतु न बोलणे हेही असत्य ठरते काय, आणि ठरत असल्यास केव्हा, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. कारण गप्प बसणाऱ्या मनुष्यास आपण काही अपराध केला असे सहसा वाटत नाही. ह्या प्रश्नाचा विचार करण्यास ब्रिटनमधील एक कायदा उपयोगी पडण्याजोगा आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा एक आजार आहे. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नामक वेष्टण असते. शरीराचे रक्षण करणारी जी शक्ती, तीच ह्या आजारात त्या वेष्टणावर उलटते. मग मेंदूचा निरोप अवयवांस उशिरा पोहोचतो, किंवा पोहोचतच नाही. कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाच्या पायांतील बळ जाते, कोणास विलक्षण थकवा येतो. फ्रान्समधील वैद्य शार्को ह्यांनी १८६८ साली ह्या आजाराचे नीट वर्णन केले. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या वयात, म्हणजे ऐन कर्तेपणात, प्रकट होतो व पुरुषांपेक्षा स्त्रियांस अधिक होतो. पुष्कळांच्या बाबतीत तो येतो, ओसरतो आणि पुन्हा येतो. ओसरला असता पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही.

आता कायदा पाहू. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स ह्या प्रांतांतील मोटार चालविण्याचे परवाने स्वान्झी शहरातील डीव्हीएलए नावाची सरकारी कचेरी देते. ह्या आजाराचे निदान झाले की परवानाधारकाने ते त्या कचेरीस स्वतः कळविले पाहिजे, मग त्रास किंचित का असेना. न कळविल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, व पुढे अपघात घडल्यास खटलाही होऊ शकतो.

असे समजा की, तिकडच्या एखाद्या खेड्यात एक बाई राहते. गावात दिवसातून दोनच बसगाड्या येतात. मुलांस शाळेत पोहोचविणे, कामावर जाणे, म्हाताऱ्या आईस दवाखान्यात नेणे, हे सर्व तिच्या मोटारीवर चालते. डॉक्टरांनी निदान सांगितले, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आजाराचा न येता परवान्याचा आला, तर त्यात नवल ते काय? ती म्हणेल, “आज माझे हातपाय नीट चालतात, डोळे स्वच्छ आहेत, मग कळवू कशाला?” हा तिचा पहिला आक्षेप आहे, आणि तो क्षुल्लक नाही.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परवाना म्हणजे केवळ कागद नव्हे. ती एक साक्ष आहे. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकास तो सांगतो की, ह्या मनुष्याची पारख झाली आहे, ह्याच्यापासून भिण्याचे कारण नाही. निदान झाल्यावर ती साक्ष पुन्हा तपासून पाहणे अवश्य होते. ती खोटीच ठरेल असे नाही. कदाचित खरीच ठरेल. पण तपासण्याची गरज उत्पन्न झाली आहे, हे धारकास ठाऊक आहे व साक्ष देणाऱ्या कचेरीस ठाऊक नाही. अशा वेळी गप्प बसणारा तोंडाने खोटे बोलत नाही हे खरे, तथापि त्याच्या खिशातील कागद त्याच्या वतीने बोलत राहतो. ह्यास्तव हे मौन असत्याच्या घरचेच आहे.

शिवाय, “मी बरी आहे” हा निवाडा करणार कोण? ज्याचा खटला, तोच न्यायाधीश, असे आपण गावच्या पंचायतीतही चालू देत नाही. थकलेल्या मनुष्यास आपण किती थकलो हे कळत नाही. आणि ज्याची भाकरी मोटारीवर अवलंबून आहे, त्यास आपले पाय जड झाले असे वाटणे फारच कठीण.

दुसरा आक्षेप असा की, शरीराचे दुखणे ही खासगी गोष्ट आहे. होय, आहे. शेजाऱ्यास, बाजारास किंवा नातलगांच्या मेळाव्यास आपले दुखणे सांगण्यास कोणी बांधलेला नाही. त्यांच्यापाशी गप्प राहणे हे मुळीच असत्य नव्हे. परंतु रस्ता हा आपल्या घराचा ओटा नाही. तेथे शाळेतून परतणारे मूलही चालत असते, आणि त्याने आपल्या धोक्यास संमती दिलेली नाही. म्हणूनच तिकडील डॉक्टरांचे नियम सांगतात की, रोग्याचे गुपित राखावे. परंतु गाडी चालविण्यास अपात्र असूनही तो चालवीतच राहिला आणि समजावूनही ऐकेना, तर डॉक्टरांनी प्रसंगी स्वतः कचेरीस कळवावे, व तसे रोग्यासही सांगावे.

ग्लासगो शहरी २२ डिसेंबर २०१४ रोजी कचरा वाहणाऱ्या मोटारीचा चालक बेशुद्ध झाला व सहा माणसे मृत्युमुखी पडली. त्याचे दुखणे मल्टिपल स्क्लेरोसिस नव्हते, आणि ह्या आजारात असे अकस्मात बेशुद्ध होणे हा नित्याचा प्रकारही नाही. तथापि, तो पूर्वी २०१० साली बसच्या चालकाच्या आसनावर असताना असाच बेशुद्ध झाला होता व ते त्याने लपविले होते, असे चौकशीत आढळले. लपविताना त्यास कोणाचे वाईट करावयाचे नसेल. त्याला केवळ आपले काम टिकवावयाचे असेल. मौनाचे फळ मात्र त्याच्या हेतूवर थांबले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत भारी: “खरे सांगणाऱ्याचा परवाना जातो, लपविणारा मजेत फिरतो, हा कोठला न्याय?” ह्याचे अर्धे उत्तर असे की, भय हे वस्तुस्थितीहून मोठे आहे. कळविल्याबरोबर परवाना जात नाही. कचेरी डॉक्टरांकडून माहिती मागविते, आणि डॉक्टरांनी मना केले नसेल तर तोवर गाडी सामान्यतः चालविता येते. पुष्कळांचा परवाना कायम राहतो. कोणास तो काही वर्षांच्या मुदतीने मिळून पुढे पुन्हा तपासला जातो. कोणास हाताने चालणारे ब्रेक बसवून गाडी चालविण्याची परवानगी मिळते.

उरलेले अर्धे उत्तर मात्र त्या बाईने देण्याचे नसून तिच्या भोवतालच्यांनी देण्याचे आहे. काहींचा परवाना खरोखरच जातो. वैद्यकीय कारणाने परवाना नाकारला गेलेल्यास इंग्लंडात बसप्रवासाची मोफत सवलत मिळू शकते. पण ज्या गावी बसच येत नाही, तेथे त्या सवलतीचे काय करावे? तेथे शेजाऱ्याने आपल्या गाडीत जागा दिली पाहिजे, मालकाने कामाची वेळ बदलून दिली पाहिजे. सत्य सांगणाऱ्यास जो समाज एकटे टाकतो, तो आपल्या हातांनी असत्याचे बी पेरतो, आणि मग पीक पाहून रडतो.

हा प्रश्न परदेशाचाच आहे असे कोणी समजू नये. आपल्या देशातही परवान्याच्या अर्जासोबत ‘नमुना १’ हे प्रतिज्ञापत्र असते. अपस्मार अथवा घेरी येते काय, हातापायांच्या शक्तीत उणीव आहे काय, लोकांस धोका होईल असे अन्य काही दुखणे आहे काय, असे त्यात विचारलेले असते. तो कागद न वाचता त्यावर सही करणे सोपे आहे. परंतु वाचकहो, ती सही आपण सरकारापुढे करीत असलो, तरी तिच्यावर विसंबून राहणारा मनुष्य रस्त्याच्या कडेने डोक्यावर मोळी घेऊन चाललेला असतो. तो आपणांस ओळखीत नाही आणि विचारणारही नाही. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचावी. आणि ज्याने तेथे खरे लिहिले, त्याच्या दारी दुसऱ्या दिवशी आपण विचारपूस करण्यास जावे.