हापूसचा चीक आणि डबीतला सुगंध

देवगड-मालवणकडच्या बागांत हापूस देठासकट उतरवतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला हे फळ उतरवायचं साधन काढलं ते त्यासाठीच. देठ मुळाशी तुटला की चीक उडतो, आणि तो सालीवर ओघळला तिथे काळा डाग धरतो. या चिकाच्या वरच्या तेलकट थरात टर्पिनं ही वासाची द्रव्यं ठासून भरलेली असतात. ती सालीच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात, पेशींची आवरणं मोडतात. एरवी अलग राहणारी फिनॉलं आणि विकरं एकमेकांना भेटतात आणि साल करपते. पण हापूसच्या वासातही ऑसिमीन, मिरसीन ही टर्पिनंच आघाडीवर आहेत. ज्या घराण्याच्या वासावर आपण जीव टाकतो, तेच फळाला चटका देतं. (माणसाच्या ओठांवर फोड येतात त्यात मात्र चिकातल्या रेसॉर्सिनॉल जातीच्या द्रव्यांचा हात मोठा.) मलमं, मसाजतेलं, हातसाबण यांवर ‘नैसर्गिक सुगंध’ असं अभिमानाने छापलं जातं, तेव्हा झाडाने ही द्रव्यं मुळात किडी-बुरशी हाकलण्यासाठी घडवली आहेत हे सोयीस्कर विसरलं जातं.

टर्पिनांचा गुण आणि उपद्रव एकाच स्वभावातून येतात, असं माझं म्हणणं आहे: ती मेदात सहज मिसळतात. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत पेशी आणि त्यांच्या सांध्यांत भरलेला मेद. मेंथॉल, लिमोनीन, निलगिरीतलं सिनिओल हा मेद सैल करतात. म्हणूनच औषध कातडीतून आत पोचवायला संशोधक त्यांचा वापर करून पाहतात. मात्र ही वाट औषधासोबत इतर द्रव्यांनाही खुली होते. बामचा गारवाही खरा थंडावा नसतो. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं आणि मेंदूला गार वाटतं. ते फसवं म्हणून निरुपयोगी, असं मात्र नव्हे. दुखऱ्या पाठीला तेवढी फसवणूक पुरते. टी-ट्री तेलाच्या 5 टक्के जेलने मुरमं कमी होतात, हे 1990 मधल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत दिसलं. गुण उशिरा आला, पण नेहमीच्या बेंझॉइल पेरॉक्साइडपेक्षा त्रास कमी झाला.

यावर कोकणी माणूस विचारील, खोबरेलात कापूर घालून पिढ्यान्‌पिढ्या चोळला, कोणाचं काय बिघडलं? ज्यांना पुरळ उठलं त्यांनी तो मुकाट्याने सोडला, त्यांची नोंद कुठेच नाही. लहान मुलांच्या पोटात कापूर गेला तर झटके येतात, हे तर वैद्यकाला पक्कं ठाऊक आहे. शिवाय घरचं तेल थोडं करून लवकर संपवत. दुकानातली बाटली फळीवर महिनोन्‌महिने उभी असते. हा फरक निर्णायक आहे. ताजं लिमोनीन किंवा लिनॅलूल सहसा ॲलर्जी आणत नाही. हवेशी संयोग होऊन त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात, ते आणतात. युरोपने 2003 मध्ये 26 सुगंधी घटकांची नावं लेबलवर सक्तीची केली. अंगावर राहणाऱ्या मलमात प्रमाण 0.001 टक्क्याच्या वर गेलं की नाव छापायचं. 2023 मध्ये ही यादी ऐंशीच्या पुढे गेली. आणि वासाशिवाय गुण नाही असं वाटणाऱ्यांनी भिरंडेलाकडे पाहावं. कोकमाच्या बियांचं हे तूप जवळजवळ बिनवासाचं, स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांचं. टाचांच्या भेगांवर ते काम करतं ते निव्वळ स्निग्धपणाने.

घटकांची अशी नावं छापायची तर तेलं-मलमं विकणाऱ्या बचत गटाला प्रयोगशाळेचा खर्च कसा झेपणार, हा आक्षेप रास्त आहे. पण तेल कोणत्या महिन्यात भरलं ते लिहायला, गडद रंगाची छोटी बाटली वापरायला आणि ‘सुगंध’ एवढ्यावर न थांबता कापूर, निलगिरी, लिंबाची साल अशी नावं छापायला प्रयोगशाळा लागत नाही. कोवळ्या मुलांसाठीच्या तेलातून कापूर वगळायला तर काहीच लागत नाही.