कंधारचा वारसा

नांदेड जिल्ह्यांतील कंधारचा भुईकोट पाहून परततांना आमच्या सोबत्यांपैकीं एकानें विचारलें, "हा किल्ला आपलाच ना?" प्रश्न साधा, पण त्याचें उत्तर सोपें नाहीं. राष्ट्रकूट, बहामनी, निजामशाही, मोगल, निजाम असे धनी येथें पालटले. शेवटला अंमल १९४८ सालीं संपला. आवडतील तेवढे राजे आपले व उरलेले परके म्हणावे, तर एकाच तटाच्या किती वांटण्या करणार? बरें, सगळेच आपले म्हटले तर? धर्मशास्त्राप्रमाणें बापाची मिळकत घेणाऱ्या पुत्रास बापाचें ऋणही फेडावें लागतें. खंदक ज्यांनीं खणला, दगड ज्यांनीं वाहिले, त्यांचें देणें मग कोणाकडे निघतें? शिलालेखांत नांवें राहतात तीं राजांचीं नि सरदारांचीं.

येथें सांपडलेले क्षेत्रपालाच्या अजस्र मूर्तीचे भग्न अवयव पाहून मन क्षुब्ध होतें, आणि तें व्हावेंच. मात्र त्या क्षोभांत आम्ही अपराधी तेवढा शोधूं लागतों. वारसाच्या वांट्याला येणारें काम तसेंच पडून राहतें. राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंगसमुद्र तलाव जवळच आहे. त्याचा गाळ उपसावयास किल्ल्याचे अभिमानी किती येतात, हें आम्हांस पाहावयाचें आहे.