रतामाच्या झुडपाखाली

पवित्र शास्त्र घ्या आणि राजांच्या पहिल्या पुस्तकातला 19 वा अध्याय काढा. घरात बायबल सोसायटीची प्रत असेल तर ती चालेल. केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं सोपं भाषांतर कुठं मिळालं, तर तेही घ्या. आज पहिली आठ वचनंच वाचायची आहेत. मोठ्यानं वाचा, म्हणजे डोळे पुढं धावणार नाहीत.

कर्मेल डोंगरावर बआलाच्या 450 संदेष्ट्यांपुढं एलीया एकटा उभा राहिला. वेदीवर अग्नी उतरला, लांबलेला दुष्काळ सरून पाऊस आला. आणि लगोलग ईजबेल राणीचा एक निरोप येतो, तर हाच माणूस जीव घेऊन पळतो. यहूदाच्या दक्षिणेला बैर-शेबात चाकराला ठेवतो आणि एकटाच रानात दिवसभराची वाट चालून जातो.

इथं थांबा. हरल्यावर माणूस खचतो हे सगळ्यांना कळतं. जिंकल्यावरही खचतो, याबद्दल मंडळीत फारसं कुणी बोलत नाही. नाताळ छान पार पडला, आजाऱ्याची सेवा झाली, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. तुमचा असा एखादा दिवस आठवतोय का? आठवला तर त्याचं कारण शोधत बसू नका. नुसता एलीयाशेजारी आणून ठेवा.

आता ते झुडूप पाहा. रतामा नेगेव आणि सीनायच्या वाळवंटात उगवतो. पानं नावापुरती, सावली विरळ. दुसरी सावलीच नाही, म्हणून माणूस तिथं बसतो. तिथं बसून एलीया मरण मागतो. आता पुरे, म्हणतो. मी पूर्वजांपेक्षा काही बरा नाही. ही प्रार्थना शास्त्रातून कुणी गाळली नाही, याचं मला फार मोल वाटतं. तुमच्या पोटात अशी एखादी प्रार्थना अडकली असेल तर आत्ता करा. शब्द नीटनेटके नसले तरी चालतील.

मग तो झोपी जातो. देवदूत येऊन त्याला हलवतो, पण कर्मेलची आठवण देत नाही, विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही. ऊठ आणि खा, एवढंच सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर असते आणि पाण्याचा चंबू. रतामाचा कोळसा बराच वेळ धगधगतो. 120 व्या स्तोत्रातही त्याचे निखारे येतात. ज्या झुडपाखाली मरण मागितलं, त्याच्याच जळणावर ती भाकर भाजली असेल का? शास्त्र सांगत नाही. माझ्या मनात मात्र हा प्रश्न दर वेळी येतो.

तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. या वचनापाशी रेंगाळा. प्रार्थनेला बसल्या बसल्या डोळा लागतो म्हणून ज्यांना अपराधी वाटतं, त्यांनी तर जास्तच. देवदूत रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा जेवू घालतो. पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, हे तो स्वतःच कबूल करतो. आज इथंच पुस्तक मिटा.

दुसऱ्या दिवशी पुढचं वाचा. 40 दिवस, 40 रात्री चालून तो होरेबला पोचतो. सोसाट्याचा वारा, भूकंप, अग्नी, आणि मग ती मंद वाणी. बहुतेक प्रवचनं इथं येऊन थांबतात. तुम्ही मात्र 10 वं आणि 14 वं वचन शेजारी शेजारी ठेवून पाहा. देव त्याला तोच प्रश्न दोनदा विचारतो, आणि वाणी ऐकल्यानंतरही एलीयाचं उत्तर तसंच आहे: मी एकटाच उरलो, माझ्या जिवावर उठलेत. मन पालटलेलं नाही. वचन वाचलं, प्रार्थना केली, तरी आत काहीच हललं नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दोनदा वाचावं.

देव वाद घालत नाही. तीन कामं सांगतो: हजाएल, येहू आणि अलीशा यांना अभिषेक कर. आणि बआलापुढं गुडघे न टेकलेले 7000 जण इस्राएलात आहेत, हे बोलता बोलता कळवतो. पुढं दुसऱ्या राजांचं पुस्तक पाहिलं, तर येहूला अभिषेक करतो तो अलीशानं पाठवलेला एक तरुण. हजाएलला तू राजा होणार हे सांगतो तोही अलीशाच. एलीयानं स्वतः केलेलं आपल्याला दिसतं ते एकच. बारा जोतं नांगरत असतात, बाराव्यापाशी अलीशा असतो, आणि एलीया जाता जाता त्याच्यावर आपला झगा टाकतो.

आता डोळे मिटा. तुमच्या अंगावर असलेली कामं एकेक करून देवापुढं मांडा. त्यांतल्या एखाद्या कामाजवळ कुणी नांगर धरून उभं आहे का ते पाहा, आणि दिसलं तर त्या माणसाचं नाव घ्या. बाकीची कामं आज तशीच राहू द्या.