निष्काम विश्वस्तांना जाब कोण विचारणार?

धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांना कारभाराबद्दल छेडले, की बहुतेक वेळा एकच उत्तर येते: ‘आम्ही यातून एक पैसाही घेत नाही.’ हे उत्तर बहुधा खरे असते. पुण्यातल्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर निवृत्त अधिकारी, डॉक्टर, उद्योजक, सनदी लेखापाल अशी माणसे असतात आणि ती आपला वेळ, ओळखी, कधी पदरचे पैसेही देतात. या उत्तरामागे एक जुना आणि आदरणीय विचार उभा आहे. फळाची आशा सोडून कर्म करावे, ही गीतेची शिकवण आपल्या सार्वजनिक जीवनात इतकी मुरली आहे, की मोबदला न घेणारा माणूस आपोआप निर्मळ ठरतो. प्रश्न पुढच्या पायरीवर आहे. निर्मळ ठरलेला माणूस नकळत प्रश्नांच्याही वर जाऊन बसतो. ज्याने स्वतःसाठी काही मागितले नाही, त्याला ‘असे का केलेत?’ हे कोणत्या तोंडाने विचारायचे? माझे म्हणणे असे, की इथे निष्कामतेचा अर्थच उलटा लावला जातो. फळावरचा हक्क सोडल्याने कर्माचा जाब चुकत नाही. उलट, फळ दुसऱ्याचे आहे असे एकदा म्हटले, की ते त्याला मिळाले का, हे विचारण्याचा हक्कही त्या दुसऱ्याचाच होतो.

कर्करोगासाठी काम करणाऱ्या संस्थांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. शाळेचा कारभार बिघडला तर पालक आरडाओरडा करतात. सहकारी बँक बुडाली तर ठेवीदार मोर्चा काढतात. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये सापडलेला माणूस काय करणार? रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाच्या खिडकीशी त्याचा मुलगा उभा असतो. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत बायोप्सीचा अहवाल, पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड, तहसील कार्यालयातून आणलेला उत्पन्नाचा दाखला, खर्चाचे अंदाजपत्रक आणि चार-पाच ट्रस्टांना करायच्या अर्जांच्या झेरॉक्स असतात. एका ट्रस्टने पंचवीस हजार मंजूर केले आणि दुसऱ्याने अर्ज परत पाठवला, तर त्यामागचे कारण तो विचारत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा याच दारात यायचे आहे, हे त्याला ठाऊक असते. त्याच्या गप्प राहण्याला आपण कृतज्ञता म्हणतो. बऱ्याचदा ती नुसती भीती असते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने धर्मादाय आयुक्तांना मोठे अधिकार दिले आहेत. त्यातील कलम 41 ‘कक’ आणि 2006 साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांमुळे धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तरीही एप्रिल 2025 मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयावर गर्भवती महिलेकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, तिच्या मृत्यूनंतर शहर पेटून उठले आणि या योजनेची नव्याने चर्चा सुरू झाली. प्रसंग वेगळा होता, प्रश्न तोच. कायदा ताळेबंद तपासतो, जमीन विकायची तर परवानगी मागायला लावतो, विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत फेरफार अहवाल द्यायला सांगतो. मात्र नवा विश्वस्त कोणाच्या संमतीने आला, याचे उत्तर अनेक संस्थांत ‘आधीच्या विश्वस्तांच्या’ असेच असते. ज्याच्या नावाने देणग्या मागितल्या, तो या प्रक्रियेत कुठेच नसतो.

विश्वस्त या कल्पनेचा आधुनिक भारतातला सर्वांत मोठा भाष्यकार याच शहरात नजरकैदेत होता. ऑगस्ट 1942 ते मे 1944 या काळात आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांमध्ये विश्वस्तवृत्तीची चर्चा झाली आणि सुटकेनंतर किशोरलाल मश्रूवाला, नरहरी परीख आदींनी तिचा मसुदा तयार केला. धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव मानावी, हे तिचे सार. आंबेडकरांनी 1945च्या आपल्या ग्रंथात या कल्पनेवर कडाडून टीका केली, कारण तिच्यात दुबळ्यांचे भवितव्य बलवानांच्या सद्बुद्धीवर सोपवलेले त्यांना दिसले. या वादात आपण सहसा एकाची बाजू घेतो. परंतु त्या मसुद्यातच संपत्तीच्या मालकीवर आणि वापरावर कायद्याने नियंत्रण आणण्याला मुभा आहे. म्हणजे मनाचा पालट पुरेसा नाही, हे गांधीविचारालाही मान्य होते. आंबेडकरांची टीका त्यापुढची पायरी दाखवते: ठेव कोणाची, हे ठेव सांभाळणाऱ्याने ठरवायचे नसते.

पुण्याला ही पायरी नवी नाही. पर्वती देवस्थानाच्या पंचांच्या कारभाराबद्दल लोकांत असंतोष होता आणि त्यातूनच 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभेची स्थापना झाली. गणेश वासुदेव जोशींनी, म्हणजे सार्वजनिक काकांनी, पुढाकार घेतला. सभेच्या नियमाप्रमाणे सभासद व्हायचे तर किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. देवाच्या नावाने चाललेल्या कारभाराबद्दल प्रश्न विचारायला निघालेल्या या माणसांनी आधी स्वतःला विचारले, की आम्ही कोणाच्या वतीने बोलतो आहोत? दानाची मालकी देवाची म्हटली, की पंचांना विचारणारे कोणी उरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज देवाच्या जागी ‘गरजू रुग्ण’ हा शब्द बसला आहे. तोही देवासारखाच सर्वत्र आहे, आणि मंडळाच्या बैठकीत तोही बोलत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की कर्करोग हा तज्ज्ञांचा विषय आहे; आजारी माणसाला धोरण काय कळणार? उपचार कोणता द्यायचा, हे डॉक्टरच ठरवणार, यात वाद नाही. पण कोणत्या दुःखावर आधी पैसा खर्च करायचा, हा वैद्यकाचा प्रश्न नव्हे. 1969 साली मुंबईत सुरू झालेल्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनचे उदाहरण बघा. रक्ताच्या एका कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. नोवार्टिस कंपनी हजारो रुग्णांना ते फुकट देत होती. मदत मिळतेच आहे, तर गप्प बसावे, हा व्यवहारी सल्ला ठरला असता. संस्थेने मात्र कंपनीने मागितलेल्या पेटंटला विरोध केला आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. फुकट मिळणारे औषध देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, स्वस्त औषध तसे नसते. हा फरक समजायला वैद्यकाची पदवी लागत नाही. मर्जी सांभाळत जगण्याचा अनुभव लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जाब विचारणारे वाढले तर चांगली माणसे विश्वस्त व्हायला धजणार नाहीत आणि देणगीदार पाठ फिरवतील, असे म्हणतात. थोडे नुकसान होईलही. पण आजची व्यवस्था कोणाच्या नजरेने चालते, तेही पाहावे लागेल. देणगीदाराला यंत्र दिसते, इमारत दिसते, संगमरवरी पाटीवर आईवडिलांचे नाव दिसते. बरा न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना कमी केल्याची पाटी कुठे लावणार? पुण्यातल्या वारज्यात 1997पासून सिप्ला या औषध कंपनीच्या केंद्रात अशा रुग्णांना मोफत परिहार सेवा मिळते आणि घरच्या माणसाला सोबत राहता येते. अशी कामे होतात, पण ती देणाऱ्याच्या शहाणपणावर उभी राहतात. रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारले, तर वेदनाशमन, गावाहून येण्याचे भाडे, उपचारांच्या काळात राहायची जागा यांची मागणी त्यांच्याकडून अधिक जोराने येईल, असे मानायला जागा आहे. आणि प्रश्नांना घाबरून जो विश्वस्त निघून जाईल, त्याने फळावरचा हक्क खरेच सोडला होता का, अशी शंका रास्त ठरेल. मानाचे फळ पैशापेक्षा सोडायला कठीण असते.

आजारी माणसाने बैठकांना यावे, असा माझा आग्रह नाही. बरे झालेले रुग्ण आहेत, ज्यांनी आपले माणूस गमावले अशी कुटुंबे आहेत. त्यांतले दोघे-तिघे ठरावीक मुदतीसाठी, मतदानाच्या हक्कासह, मंडळावर घ्यावेत. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लेखी द्यावे आणि त्यावर दाद मागता यावी. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको, संस्थेच्या घटनेत दुरुस्ती पुरे. सेवा करणाऱ्याचे मोठेपण यामुळे कमी होईल असे ज्यांना वाटते, त्यांनी दाता आणि विश्वस्त यांतला भेद लक्षात घ्यावा. दाता आपले देतो, म्हणून त्याला मर्जी असू शकते. विश्वस्त दुसऱ्याचे देतो. त्याला मर्जी नसते, फक्त कर्तव्य असते, आणि ते पार पडले की नाही हे सांगण्याचा अधिकार ज्याच्यासाठी ते होते त्याचाच.