वाट पाहणं वजा केलेली शेती

'स्टारड्यू व्हॅली' या गेममध्ये दिवस सकाळी ६ वाजता सुरू होतो आणि रात्री उशिरा २ वाजता माणूस असेल तिथे कोसळून संपतो. या २० तासांना आपल्या मनगटावरच्या घड्याळाची जेमतेम १४ मिनिटं लागतात, कारण दर ७ सेकंदांनी तिथलं घड्याळ १० मिनिटं पुढे जातं. ऋतू चार, प्रत्येक २८ दिवसांचा. सलग खेळत बसलं तर साधारण २६ तासांत वर्ष उलटतं. आमच्या रत्नागिरीकडे अजूनही पाऊस नक्षत्रांनी मोजतात आणि एक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालतं. म्हणजे या गेममधला अख्खा ऋतू आपल्या दोन नक्षत्रांएवढा. मृगात पेरावं आणि आर्द्रा सरता सरता पावसाळाच संपावा, अशी ती शेती.

आणि तरीही जगभर या खेळाची ख्याती आहे ती निवांतपणाबद्दल. दिवसभर ऑफिसात पिचलेली माणसं रात्री पाऊण तास तिथे जाऊन मुळे उपटतात, कोंबड्यांना चारा घालतात आणि शांत होऊन झोपतात. एवढ्या घाईत पळणाऱ्या घड्याळाखाली कुणाला शांत कसं वाटू शकतं? उत्तर शोधायला मी खेळातल्या वेळेचा हिशोब आपल्या शेतीशेजारी मांडून पाहिला.

सुरुवात भातापासून. खेळात भाताचं रोप ८ दिवसांत तयार होतं, पाण्यालगत लावलं तर ६ दिवसांत. ८ दिवस म्हणजे खऱ्या वेळेत ११२ मिनिटं. कोकणात भाताच्या जाती हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा ओळखतात, आणि ही विभागणी मुळात वेळेचीच आहे. हळवं भात साधारण ११० ते १२० दिवसांत कापणीला येतं, निमगरवं त्यानंतर, गरव्याला आणखी थांबावं लागतं. म्हणजे खेळणाऱ्याचं एक मिनिट आणि आपल्या हळव्या भाताचा एक दिवस यांचा मेळ जवळपास तंतोतंत बसतो. हे जाणूनबुजून केलेलं नसणार, पण हिशोबाला हे माप फार सोयीचं आहे.

आता तेच माप आंब्याला लावू. २०२० च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून या खेळात आंब्याचं झाडही आहे. ते २८ दिवसांत मोठं होतं आणि उन्हाळ्यात रोज एक फळ देतं. २८ दिवस म्हणजे साडेसहा तास. इकडे हापूसचं कलम लावलं की धरायला पाच-सहा वर्षं जातात, आणि बाग भरात यायला त्याहून कितीतरी अधिक. मिनिटाला एक दिवस हे भाताचं प्रमाण आंब्यालाही लावलं असतं, तर झाडाला फळ यायला खेळणाऱ्याचे तीस-पस्तीस तास गेले असते. म्हणजे आंब्याचा काळ भातापेक्षा पाचपट आवळलेला आहे.

आणि हाताचं काम? झारीने एका रोपाला पाणी घालायला खेळात अंदाजे एक सेकंद जातो. तीस रोपांना अर्धं मिनिट लागतं आणि तेवढ्यात तिथली पाऊण तासाची सकाळ सरते. तीस रोपांना झारीने पाणी घालायला खऱ्या परसातही पाऊण तासाच्या आसपासच वेळ जाईल. म्हणजे तिथल्या घड्याळाने कष्ट आवळलेले नाहीत, ते जवळपास पुऱ्या मापाचे आहेत.

या हिशोबाने माझं उत्तर मला मिळालं. या खेळात वेळ सरसकट पळत नाही. जिथे हात चालतात तिथे तो चालत राहतो, जिथे नुसतं थांबायचं असतं तिथे तो उडी मारतो, आणि थांबणं जितकं लांब तितकी उडी मोठी. खेळणाऱ्यांची तक्रारही हेच सांगते. दिवस फार लवकर संपतो, अजून काम करायचं होतं, असं म्हणून कितीतरी जण तिथलं घड्याळ हळू करणारी जोडणी, म्हणजे 'मॉड', बसवून घेतात. ऋतू हळू करा असं फारसं कुणी म्हणत नाही. त्यांना हवाय तो कामाचा दिवस. माणसं कष्टांना कंटाळून शेती सोडतात हे आपल्याकडे इतक्या वेळा सांगितलं जातं की ते खरंच वाटू लागलं आहे. इथे तर लाखो माणसं पदरचे पैसे मोजून नांगरणं, शिंपणं आणि वेचणं करत आहेत. त्यांनी टाळलं आहे ते फक्त वाट पाहणं.

या उत्तराची दुसरी बाजू मला कळली ती पावस गावाच्या अलीकडच्या एका वाडीत, डिसेंबरच्या अखेरीस. मुंबईहून सुट्टीला आलेला, तिथल्या एका बागायतदाराचा पुतण्या पडवीत मोबाइल घेऊन बसला होता. त्याचे काका बागेतून आले आणि मोहोराचा एक तुरा त्यांनी तळहातावर हळूच आपटून पाहिला. चार-पाच तुडतुडे उडाले. मग एक पान उन्हाकडे धरून त्यांनी त्यावर बोट फिरवलं. बोटाला चिकटा लागला. फवारणी उद्याच करावी लागणार होती, पण आभाळ भरून आलं होतं आणि पाऊस पडला असता तर औषध धुऊन गेलं असतं. पुतण्या म्हणाला, "काका, माझ्याकडे आंबा अठ्ठावीस दिवसांत धरतो." काका हसले. "आणि पाऊस?" "तो आदल्या दिवशी टीव्हीवर सांगतात. तसाच पडतो." काका पुन्हा पानाकडे बघत म्हणाले, "तसाच?" त्या एका शब्दात हेवा होता. अठ्ठावीस दिवसांचं त्यांना काही वाटलं नाही. सहा वर्षं थांबायची त्यांची तयारी होती, ती त्यांनी थांबून दाखवली होती. सांगितला तसा पाऊस पडतो, ही गोष्ट मात्र त्यांना खरोखर अद्भुत वाटली.

खेळातला निवांतपणा येतो तो या भरवशातून. पार्सनिप नावाचं मुळ्यासारखं कंदमूळ ४ दिवसांत म्हणजे ४ दिवसांतच तयार होतं, भोपळा १३ दिवसांत. मुदत लहान आहे हे दुय्यम, ती पाळली जाते हे महत्त्वाचं. हापूसला मुदती आहेत, वचन नाही. पावसाळ्यानंतर पालवी येते, ती जून झाली आणि रात्री गार पडू लागल्या की मोहोर फुटतो. मग कणी धरते, वाटाण्याएवढी होते, सुपारीएवढी होते, आणि या प्रत्येक टप्प्यावर ती गळू शकते. थंडी लांबली तर फळं धरलेल्या फांदीलाच पुन्हा मोहोर येतो आणि झाड नव्या मोहोराच्या नादात आधीची फळं सोडून देतं. मार्चमध्ये अचानक पारा चढला की फळ उन्हाने भाजतं. हे सगळं पार करून चौदा आणे तयार झालेलं फळ झेल्याने उतरवलं, आढीत पिकवलं, पेटी भरून वाशीच्या बाजारात पाठवली, तरी आत साका निघू शकतो. बाहेरून फळ देखणं, सुवासिक, आणि सुरी घातल्यावर गर पांढुरका, आंबूस. खेळात फळाचा दर्जा त्याच्यावरच्या चांदणीवरून दिसतो: चांदीची, सोन्याची, आणि झाड जुनं होत जाईल तशी वरच्या प्रतीची. साक्याला बाहेरून काहीच खूण नसते. वर्षभराच्या वाटेचा शेवट कुणा अनोळखी घरच्या ताटात ठरतो आणि बागायतदाराला तो कळतही नाही.

कोकणी माणूस मात्र हात जोडून थांबला आहे असं नाही. घड्याळाला हात घालायचा प्रयत्न इथेही झाला आहे. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झालं. हापूस एक वर्षाआड धरतो ही खोड मोडण्यासाठी पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचं 'कल्टार', वापरण्याची शिफारस त्याने केली. पावसाळ्याच्या मध्यावर बुंध्याभोवती ते जमिनीत देतात. झाडाची वाढ थोपते, मोहोर लवकर येतो आणि दरवर्षी यायची शक्यता वाढते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' दिली, ती याच खोडीवर आणि साक्यावर उतारा म्हणून. या खटपटीमागे बाजाराचं घड्याळ आहे. वाशीत पहिल्या पेट्यांना जो भाव मिळतो तो मे महिन्यात उरत नाही, त्यामुळे तीन आठवडे आधी आलेला मोहोर हा सरळ पैसा असतो. पण माझ्या मते बागायतदाराला यात वेगापेक्षा नेम अधिक हवा होता. दरवर्षी आंबा येईल एवढं झाडाकडून कबूल करून घेणं, हीच ती धडपड.

या प्रकारच्या खेळांचा उगम १९९६ चा आहे. 'हार्वेस्ट मून' या नावाने पुढे जगभर गेलेला तो जपानी खेळ यासुहिरो वादा यांनी केला. वादा ग्रामीण भागात वाढले आणि नोकरीसाठी टोकियोला आले. गाव सोडून आलेल्या माणसाच्या आठवणीतून तो खेळ निघाला, आणि आमच्या चाकरमान्यांना ही भावना समजावून सांगावी लागत नाही. त्या पहिल्या खेळात एक विलक्षण सवलत होती. दिवस भराभर जाई, पण संध्याकाळी ६ वाजले की घड्याळ थांबायचं. अंगात बळ असेपर्यंत रात्रभर काम करा, तुम्ही अंथरुणावर पडेपर्यंत सकाळ होणार नाही. आषाढात लावणी अडलेल्या घराला आणि सावडीला माणूस न मिळालेल्या बाईला असं घड्याळ मिळालं असतं तर!

खऱ्या वेळेवर चालणारे खेळही आले. २००९ च्या 'फार्मव्हिल'मध्ये स्ट्रॉबेरी खऱ्या ४ तासांत यायची आणि वेळेत काढली नाही तर सुकून जायची. ऐन भरात महिन्याला ८ कोटींहून अधिक लोक तो खेळत होते आणि आपल्याकडेही ऑफिसातून चोरून पीक काढणारे कमी नव्हते. २०१२ च्या 'हे डे'मध्ये गहू २ मिनिटांत येतो, मका ५ मिनिटांत, पुढची पिकं आणि पदार्थ तासन् तास घेतात. तिथे हिरे मोजले की थांबणं टळतं, आणि हिरे खऱ्या पैशाने विकत मिळतात. वरवर पाहता हे खेळ शेतीच्या अधिक जवळचे, कारण त्यांनी वाट पाहणं परत आणलं. पण त्यांनी ते विकायला परत आणलं. शेताने माणसाला दिवसातून सहा वेळा हाक मारायची आणि उशीर झाला तर शिक्षा करायची, हा शेतीचा स्वभावच नाही. भात कापणीला आठवडाभर मागेपुढे झालेलं सोसतं, झाडावरचा आंबा चार दिवस थांबतो. मला या खेळांचा राग येतो. स्टारड्यूने वाट काढून टाकली, यांनी ती नासवली.

वाट पाहण्याच्या काळात माणसं करतात काय, हेही यातून निसटतं. भाद्रपदात भात पोटरीत असतं तेव्हा शेतात हात लावण्यासारखं फारसं उरत नाही, आणि नेमके तेव्हाच गणपती येतात, वाडीवाडीत जाखडीचा नाच रंगतो. फाल्गुनात शिमगा, तेव्हा ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, नमन-खेळे गावोगाव जातात. रत्नागिरीचे सण शेतीच्या खाचांत बसवलेले आहेत. मृदंगाचे बोल, गौळणीतले विनोद, पालखी नाचवायची कला, हे सगळं त्या रिकाम्या दिसणाऱ्या दिवसांनी घडवलं. खेळातही सण आहेत, पण ते कामाच्या दिवसावर येऊन पडतात, आणि खेळणारा शेत उरकून जत्रेला पळतो.

दुसरी निसटलेली गोष्ट पडझडीची. खेळात वीज पडते. फळझाडावर पडली तर ४ दिवस त्याला फळाऐवजी कोळसा येतो, मग झाड पुन्हा फळू लागतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनच्या बाजूने वर चढलं आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर आंबा, नारळ, पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात, आंबा झाडावर असताना, 'तौक्ते' आलं. आजोबांच्या हातच्या बागा एका दुपारी गेल्या आणि त्याच पावसाळ्यात लोकांनी नव्या रोपांसाठी खड्डे खणले. पोफळीला पाच-सहा वर्षं, नारळाला तेवढी किंवा जास्त. ज्या वयात माणूस ही झाडं पुन्हा लावतो, त्या वयात ती कुणासाठी लावतो हे त्याला ठाऊक असतं.

आजोबा स्टारड्यूमध्येही आहेत. त्यांच्या पत्राने खेळ सुरू होतो: कंटाळलास की शेतावर ये. शेत एकाच्या नावावर, सातबारावर चुलत्यांची वीस नावं नाहीत, वाटणीचा दावा नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबा परत येऊन नातवाने काय केलं ते पाहतात. तोवर खेळणाऱ्याचे बावन्न तास झालेले असतात. बावन्न तासांत दोन पिढ्यांचा हिशोब पुरा होतो, आणि नातवाने लावलेलं झाड नातवालाच फळ देतं. लावणारा एक आणि खाणारा दुसरा, ही आंब्याच्या शेतीची मूळ रीत, तिला या घड्याळात जागाच नाही.

ती देता येईल असं मला मनापासून वाटतं. एरिक बॅरोन यांनी हा खेळ एकट्याने, सुमारे साडेचार वर्षं खपून केला. तो २०१६ मध्ये आला आणि २०२४ मध्येही ते त्यात भर घालत होते. इतका धीर असलेल्या माणसाने किंवा त्यांच्यासारख्या आणखी कुणी शेताच्या कोपऱ्यात एक कलम द्यावं, ज्याचं घड्याळ बाकीच्या पिकांहून वेगळं असेल. भात ११२ मिनिटांतच येऊ दे, पण ते कलम खऱ्या कॅलेंडरवर वाढेल. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' हा खेळ खऱ्या घड्याळावर २००१ पासून चालतोच आहे, त्यामुळे तंत्राची अडचण नाही. हिरे मोजून ते लवकर धरणार नाही आणि दुर्लक्ष झालं म्हणून सुकणारही नाही. पावसच्या त्या पुतण्याने ते आज लावलं तर धरेल तेव्हा त्याची नोकरी बदललेली असेल, कदाचित फोनही तिसरा असेल, आणि ते शेत तोवर त्याने धाकट्या बहिणीला खेळायला दिलेलं असेल.