बाग ताणावर सोडताना

एखाद्या झाडाजवळ बसा. आळ्याजवळ, कुंडीजवळ, गच्चीतल्या तुळशीपाशी, कुठेही. मोबाईल घरात राहू द्या. पाण्याचा तांब्या हाताशी असेल तर असू द्या, पण इतक्यात ओतू नका.

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात बसला असाल तर यंत्रमागांची खडखड कानावर येईल. ती ऐका. माग जितका वेळ चालेल तितकं कापड निघतं. या गावाची सवय त्या लयीत घडली आहे. आता श्वास सावकाश घ्या आणि समोरच्या रोपाकडे बघा. याला रात्रपाळीत चालवता येत नाही. दुप्पट पाणी घातलं म्हणून ते दुप्पट वाढत नाही, उलट मुळं कुजतात. पोल्ट्रीच्या या मुलखात कोंबडखताला तोटा नाही, पण ताजं खत मुळाशी टाकलं की त्याच्या उष्णतेनं रोप करपतं. ते कुजू द्यावं लागतं, मुरू द्यावं लागतं. आपल्याजवळ भरपूर आहे म्हणून समोरच्याला ते सोसतंच असं नाही. या वाक्यापाशी थोडा वेळ थांबा.

मातीत बोट घाला, दोन पेरं खोल. वरचा थर कोरडा लागेल, आत कदाचित ओल असेल. आपण वरचं बघून पाणी घालतो, रोप मात्र आतल्या ओलीवर जगत असतं. ओल लागली तर तांब्या बाजूला सरकवा. माळ्याचं निम्मं काम हात चालवण्याचं असतं आणि निम्मं हात आवरण्याचं. दुसरं निम्मं शिकायला जास्त दिवस लागतात.

आता नजर कुंपणाकडे न्या. नर्सरीतून निवडून आणलेला, जपलेला गुलाब रुसून बसलेला असतो आणि मोरीच्या सांडपाण्यावर कुणी न लावलेली पपई फळांनी लगडलेली असते. शेवगा आपल्या आवारात उभा असतो, शेंगा मात्र शेजारच्या अंगणात उतरतात. विट्याच्या परिसरातली कितीतरी कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. वर्षाकाठी कधीतरी घराचं कुलूप उघडतं तेव्हा कळतं, की अंगणातला आंबा यंदाही धरला होता आणि गल्लीतल्या पोरांनी तो खाल्लाही. हसू आलं तर येऊ द्या. त्या हसण्यात हार नसते. लावणारा एक, खाणारा दुसरा, आणि झाडाला त्याचं काहीच नाही, हे लक्षात आलं की छातीवरचं ओझं उतरतं. श्रम आपले, पीक सगळ्यांचं, एवढं मनाशी म्हणा.

इथून पुढे मनानं खानापूर-आटपाडीकडच्या माळावर चला, डाळिंबाच्या बागेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतली ही जमीन. आंबे बहार धरायचा असेल तर पावसाळा सरल्यावर बागायतदार बागेचं पाणी तोडतो. बाग ताणावर सोडली, असं म्हणतात. हलक्या मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत वेळ लागतो. पानं पिवळी पडतात, गळतात. शेततळ्यात पाणी दिसत असतं, ठिबकच्या नळ्या जागेवर असतात, तरी हात वॉल्व्हकडे जात नाही. मग छाटणी, मग खत, आणि पहिलं पाणी हलकं. जानेवारी-फेब्रुवारीत काडीकाडीवर लालभडक कळी फुटते.

त्यातली एक कळी बोटांत धरल्याची कल्पना करा. बुडाशी फुगीर असेल तर ती धरते, तिचं फळ होतं. बुडाशी निमुळती ती नर कळी, ती गळायचीच. झाडाखाली पडलेला लाल सडा बघून नवखा माणूस हबकतो. जुना बागायतदार खाली वाकतो, चार कळ्या उचलतो, त्यांचं बूड बघतो आणि निमुळत्या दिसल्या की पुढच्या झाडाकडे जातो. गळणारं सगळंच नुकसान नसतं. तुमच्या हातून गेलेली एखादी गोष्ट आठवा आणि तिचं बूड बघा. ती खरंच धरणार होती का?

पण इथे घाई करू नका, कारण याच जागी मोठी चूक होते. कुणाच्याही कोरड्या दिवसांना ताण म्हणून मोकळं होऊ नये. ताण देणाऱ्याचं लक्ष रोज बागेवर असतं. पाणी कधी सोडायचं हे त्याच्या मनात ठरलेलं असतं. 1972 च्या दुष्काळात या मुलखानं जे सोसलं तो ताण नव्हता, त्यातून कुठलाच बहार येणार नव्हता. तहानेच्या वेळी थांबणं हे शहाणपण नाही. म्हणूनच याच खानापूर तालुक्यात 1980 च्या दशकात लोक वाट बघत बसले नाहीत. येरळा नदीची थोडी वाळू विकून त्यांनी पैसा उभा केला, अंगमेहनत केली आणि बलवडीजवळ बळीराजा धरण बांधलं. पाणी वाटताना ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यांचाही वाटा धरला. बागेत हात आवरणारा माणूस आणि धरणावर दगड वाहणारा माणूस एकच असू शकतो. कुठे आवरायचं आणि कुठे धावायचं, एवढंच त्याला कळलेलं असतं.

आता हेच कळणं घरच्या माणसांकडे वळवा. एकेकाला मनात समोर आणा. घाई नको, एकेका चेहऱ्यापाशी दोन-चार श्वास थांबा आणि विचारा: याला माझं पाणी जास्त होतंय, की कमी पडतंय? दहावीला बसलेल्या मुलीला दिवसातून दहादा ‘अभ्यास झाला का गं?’ विचारणं हे आळ्यात साचलेलं पाणी आहे. ती आतल्या ओलीवर अभ्यास करते आहे, तिच्या खोलीचं दार लोटून घ्या. परमुलखात गलाईच्या दुकानावर वर्षानुवर्षं राहणाऱ्या भावाचा महिनोन्‌महिने फोन न येणं आणि आपणही न करणं, हा मात्र दुष्काळ आहे. गावातल्या एकट्या आत्याकडे दिवाळीनंतर कुणी फिरकलंच नसेल, तर तोही.

पहिल्या ठिकाणी आज हात आवरा. दुसऱ्या ठिकाणी उद्यावर टाकू नका. भावाला फोन लावा, आणि आत्याचं घर जवळ असेल तर चप्पल घालून निघा.